मार गिरगिसला दिलेला शब्द आणि माझे घर

मी, लबीबा हेद्रा, कै. तादरोस यांची विधवा, धंदा भाकरी भाजून विकणे, राहणार अरमंतच्या पश्चिमेकडचे खेडे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा लक्सरच्या इस्पितळात माझी छाती उघडणार आहेत. डोके ठिकाणावर आहे. झोप मात्र उडाली आहे, त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल.

एक. भट्टी, आणि पीठ उन्हात फुगवायच्या मातीच्या थाळ्या शेजारीण नफीसा हिला द्याव्यात. माझी चाळण तिच्याकडेच आहे. ती मागायला कोणी जाऊ नये, इतक्या वर्षांत मलाही मिळालेली नाही.

दोन. म्हैस मुलगा वनीस याला. विहिरीजवळच्या माझ्या झाडांचे खजूर दीर शहात बिनदिक्कत खात आला आहे. खाऊ दे. फक्त माझ्या मरणानंतर चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला त्याने पुढे बसून गळा काढू नये.

तीन. घर. माझ्या सुनेला, मारसेलला, बरीच वर्षे मूल नव्हते. तेव्हा मी मठात मार गिरगिस या संताच्या तसबिरीसमोर उभी राहून त्याला आणि देवाला शब्द दिला, की नातू झाला तर त्याचा बाप्तिस्मा इथेच, जत्रेत, याच मठाच्या कुंडात होईल. नातू झाला. कैरोत, दिवस भरायच्या आत, मुठीएवढा. आणि मारसेलने मला न विचारता इस्पितळातच पाद्री बोलावून बाप्तिस्मा उरकून टाकला. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. पोर वाचले, पण माझा शब्द कायमचा लटकला.

आज तो शाळेत जातो. दर जत्रेला मी मठात जाते आणि तसबिरीकडे न बघता परत येते. आमच्या चर्चचे पाद्री अबूना बिसादा म्हणतात, "वनीसच्या आई, पोर मरायला टेकलं होतं. मी तुला त्या शब्दातून मोकळं करतो."

मी म्हटले, "शब्द तुम्हाला दिला होता का, अबूना? मग तुम्ही कोण मोकळं करणारे?"

म्हणून हे घर मी मठाला देत आहे. कायद्याने मला माझ्या मर्जीने जेवढे देता येते, त्यात ते बसते. वनीसचे कैरोतले काम सुटले असून तिघेही उन्हाळ्यापासून याच घरात राहतात, हे मला ठाऊक आहे. तरीही.

येथवर लिहून साक्षीदारांना, म्हणजे अबूनांना आणि नफीसाला, मोठ्याने वाचून दाखवत होते, तेवढ्यात मारसेल चहा घेऊन आली. दारातच थबकली.

"घर मठाला? आणि आम्ही काय जत्रेच्या तंबूत राहायचं, आई?"

"तेव्हा घाई केलीस ना? भोग आता."

तिने चहा खाली ठेवला. "घाई? सकाळीच डॉक्टर म्हणाले, पोर काही जगत नाही. पाद्री आले, तर मी त्यांना दारात थांबवलं. म्हटलं, आमच्या आईंनी मार गिरगिसला शब्द दिलाय, जरा थांबा. दुपार झाली. पोर निळं पडलं. पाद्री ओरडले माझ्यावर, बाई, हा बाप्तिस्म्यावाचून गेला तर देवाला काय तोंड दाखवशील? तरी मी थांबले. संध्याकाळी त्याचा श्वासच लागेना, तेव्हा म्हटलं, करा काय ते."

"हे मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात माझ्याशी?"

मी पुन्हा लेखणी उचलून पुढचे लिहीत आहे. माझ्या शब्दापायी ते लेकरू दिवसभर मरणाच्या दारात ताटकळले, आणि त्याची आई माझा मान राखत उभी राहिली. मला तिच्यापुढे लाज वाटते, आणि तिची भीतीही.

सबब घर मठाला देण्याचा मजकूर मी रद्द करत आहे. घर सून मारसेल हिच्या एकटीच्या नावे व्हावे. वनीसच्या नावे नको, त्याच्याकडून शहात ते गोड बोलून लिहून घेईल. अबूना समाधानाने मान हलवत आहेत. त्यांनी हलवू नये.

कारण नवस फिटलेला नाही. माझ्या दफनाच्या वेळी तो फिटला असे अबूनांनी सांगू नये. दिलेला शब्द न पाळताच मी देवापुढे जाणार आहे. त्याने विचारले तर उत्तर मी देईन, तिथे या पोरांचे छप्पर पुढे करणार नाही.

सही: लबीबा हेद्रा
साक्षीदार: अबूना बिसादा, नफीसा, शेजारीण
स्थळ: राहत्या घरी, मारसेलच्या
आमच्या कॉप्टिक पंचांगाचा ४ हातूर, म्हणजे १३ नोव्हेंबर २०१८