रेथ : उदाहरणवाक्यासह

४ मे, सोमवार
स्वस्ति श्री. आंग्लशब्दारण्यपंचानन, व्युत्पत्तिवारिधि, कोशकार्यधुरंधर (हंगामी, अकरा महिन्यांकरिता) प्रेमानंद वासनिक यांनी आज सदरमधील कोशकार्यालयात पदार्पण केले. शिपाई नत्थूजींनी माठातले पाणी देऊन स्वागत केले. संपादिका शामलाताईंनी दंडक सांगितला : प्रत्येक शब्दाच्या कार्डावर उदाहरणवाक्य हवे, आणि त्यात कार्यालयातलेच माणूस हवे, कल्पित माणसांनी वाक्य निर्जीव होते.

पहिला इंग्रजी शब्द 'रेथ'. अर्थ : मृत्यूच्या सुमारास दिसणारी त्या माणसाची प्रतिमा. व्युत्पत्ती : ना लॅटिन, ना ग्रीक, माग स्कॉटलंडपर्यंत लागतो, पुढे अंधार. या वयात उगम शोधणे थकवतेच. वाक्य लिहिले : 'दुपारी नत्थूजींचा रेथ जिन्यात दिसला.' नत्थूजी हसून म्हणाले, लिहा बिनधास्त साहेब, मले त हा जिना चढता चढताच मरन येते.

७ मे, गुरुवार
दुपारी दीड. नत्थूजी जिन्यात, भिंतीकडे तोंड करून उभे. हाक मारली, उत्तर नाही. शिपायांचे मौनव्रत समजून वर आलो. ताई म्हणाल्या, ते तर सकाळपासून कन्हानला, बहिणीकडे.
तीनला फोन आला. ऊन लागले. दीडलाच गेले.

८ मे
'योगायोग' असे निदान केले. झोप मात्र नाही. दिवंगताचे नाव शोभत नाही म्हणून ताईंनी वाक्यात माझे घातले. सह्या झाल्या. कार्ड छपाईला रवाना.

११ मे, सोमवार
जिन्याखालच्या चहावाल्या भीमाबाई रुसल्या आहेत. म्हणाल्या, काल रविवारी जिन्यात उभे होते साहेब, दोनदा हाक मारली, बोलले काहून नाही? लय मोठे झाले का?
काल मी घरी होतो. दिवसभर. दार लावून.

१२ मे
वाक्य काढा, अशी ताईंना विनवणी केली. त्या हसल्या नाहीत. वाक्य काढायलाही दोन सह्या लागतात. दुसरी परीक्षक गोपाळरावांची, ते सोमवारपर्यंत रजेवर. सोमवारपर्यंत मी —

१३ मे
जिना चढलो. दम — टेबलाशी कोणी बसले आहे. माझा सदरा. माझाच चष्मा. लिहीत — मान वर करीत नाही. ताई त्याच्याशी बोलत आहेत. मी हाक मारली, त्यांनी — नाही.
हे उभ्याने लिहितो आहे. मला दिलेली खुर्ची एकच, ती व्यापलेली; दुसरीसाठी अर्ज तीन प्रतींत, आणि त्यावर शिक्का मारणारे नत्थू—