दोन रिंगांचा नियम

शुक्रवार, २ एप्रिल २००४
तारीख फरीदाने घातली, बाकी सगळं माझं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. का लिहायचं? माझ्या सगळं ध्यानात राहतं, पण या घरातली माणसं नंतर नाकबूल होतात.
रशीदचा मिसकॉल आला. कुवेतला जुम्म्याची नमाज आटपली की माझा लेक आमच्या मोबाइलवर दोन रिंग देतो आणि कापतो. दोन रिंग म्हणजे खुशाल. आपण उचलायचा नाही, त्याचे पैसे जातात. नियम मी काढला. आमच्या राजिवडा मोहल्ल्यातल्या अर्ध्या घरांनी माझा बघून घेतलाय.
आज पाठोपाठ मेसेज. फरीदा म्हणाली, तुमच्यासाठी आहे, मिस यू माय. विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, तुमची सय येते. म्हटलं, मग काल पावसला जायची बस मिस झाली म्हणालीस, तेव्हा बसची सय येत होती काय?
मेच्या रजेचं त्याचं ठरत नाहीये. फरीदा म्हणते, एकदा तुम्ही ये म्हणा. मी बोलवायचं आणि लेकाने येऊन उपकार करायचे? ठरलं. त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी कुणाला मिसबिस करत नाही.

रविवार, ४ एप्रिल
शेजारच्या दर्शना टीचर जाडी डिक्शनरी घेऊन आल्या. म्हणाल्या, आजी, फार जुना शब्द हा. मुळात अर्थ नेम चुकणं. बाण सोडला, लागला नाही, झाला मिस. माणूस जवळ नाही म्हणून जीव तुटणं, हा अर्थ कित्येक शतकांनी आला.
म्हटलं, बघा, गोऱ्या साहेबाला नेम चुकलेला तेव्हाच कळला, माणूस नाही हे कळायला शतकं गेली.
टीचर हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला किती वेळ लागतो? मी चहा ठेवायला उठले. त्यांनी चहा नुकताच घेतला होता.
एकाच शब्दाला इतकी कामं, म्हणजे घरातली सूनच की ती. (फरीदा हे फार ठळक अक्षरात लिहितेय.)

बुधवार, ७ एप्रिल
तांदळाच्या रव्याची सांदणं वाफवली. फरीदाला आवडतात म्हणून. ती म्हणते, मला नाही, त्यांना आवडतात. बरं, तेही लिही.
मोबाइल हल्ली माझ्या उशाशी असतो. स्वयंपाकघरात उंदीर झालेत. दुसरं काही नाही.

शुक्रवार, ९ एप्रिल
आज फोन दोन रिंगांवर थांबेना. फरीदा धावली. मी मनगट धरलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम, मोजायला चुकला असेल. थांबला. परत सुरू. मग मी मोबाइल घेऊन त्याच्यावर बसले. खालून गुरगुरत होता.
फरीदा म्हणाली, अहो, बोलायचं असेल त्यांना. म्हटलं, बोलायचं तर मेसेज करील, शिकलेला आहे.
मनातून बरं वाटलं. एवढा वाजवतोय, म्हणजे त्याचाच जीव तुटतोय. मी जिंकले.

शनिवार, १० एप्रिल
संध्याकाळी परत वाजला. मी पोचायच्या आत फरीदाने उचलला.
रशीदने तिला सांगितलं, काल कामावरचा साहेब त्याच्या समोर बसला होता. म्हणाला, मेमध्ये जातोस की पुढच्या साली, आत्ताच्या आत्ता सांग. रशीद म्हणाला, मायला विचारतो, ती ये म्हणाली तर जातो. लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. त्याला वाटलं, माय रागावलीये. साहेबाने ती रजा त्याच्याबरोबरच्या मलबाऱ्याला दिली. त्याचं तिकीटही निघालं.
म्हणाला, मायला दे. मी फरीदाला खूण केली, अंघोळीला गेलेय म्हणून सांग. तिच्याच शेजारी बसले होते.
चूक मोबाइल कंपनीची. प्रत्येक रिंग सारखीच वाजते.

शुक्रवार, १६ एप्रिल
सांदणांना बुरशी आली. कोंबड्यांना घातली.
दुपारी दोन रिंग. बरोब्बर दोन. मी हात पुढे केला होता, पण तोवर कापला.
मग मीच म्हटलं, फरीदा, तू लाव त्याला, मिसकॉल दे. तिने लावला आणि विचारलं, किती रिंग देऊ?
दोन म्हणजे खुशाल. ‘ये’ म्हणायला किती, ते ठरवायचंच राहिलंय.
तिकडे वाजायला लागला होता.
दोन झाल्या. कापायला सांगितलं.