तुसाच्या डब्यातलं इंजिन

बाबा, मले लिहिता येत नाही हे तुमाले ठाऊकच आहे, म्हणून नातीले समोर बसवून सांगून राहिली. ती कॉलेजात शिकते अन् माझी बोली सुधरवते. मी म्हटलं, जास्त सुधरवू नको, बाबा ओळखणार नाहीत.

आज मंडई आहे. दिवाळीनंतरच्या या जत्रेत तुमची छोटी रेल्वे पाहायले सिहोऱ्यापासून माणसं येत. तुमी राइस मिलमधले मिस्त्री. टेबलावर पितळी पट्ट्यांचे रूळ, जुन्या टेपच्या मोटरीचं इंजिन, बाजूले ट्रकची बॅटरी. दवानं रूळ काळे पडत अन् इंजिन अडे. तवा मी घासलेटाच्या फडक्यानं रूळ पुसत असे अन् तुमी म्हणत, "डोयानं नको पाहू, नखानं पाह्य." नख अडे तो सांधा तुमी कानशीनं घासत.

आवाजाचं काम माझं. टेबलाखाली बसून दांड्यानं डबा फिरवायचा, आतलं धानाचं तूस सरकून छुकछुक निघे. ओलं तूस वाजत नाही, म्हणून आधी तव्यावर भाजायचं. एका साली मी पाखडायचं विसरली. तुसात धान राहिलं, त्याच्या लाह्या झाल्या, इंजिन पोचट वाजलं. "काहून वो, इंजिनाले चिवडा चारला का?" असं म्हणून तुमी डबा उपडा केला, अन् आई त्या लाह्या वेचून खात बसली. चढावर डबा जड फिरवायचा, उतारावर हलका. खालून मले गाडी दिसत नसे, तुमचा पाय दिसे. अंगठा वर झाला का चढ, टेकला का उतार. इतका भेगाळलेला सिग्नल पुऱ्या तुमसर रोड टेशनाले नसेल.

मंग एका साली तुमी भादव्यात गेले. मंडईवाले दारात आले, म्हणाले, गाडी जमत नसेल तर जागा दुसऱ्याले देतो, मंग पुढंही मिळणार नाही. आई म्हणाली, "यंदा घरात दिवा नाही लावला, गाडी कायले?" मी म्हटलं, चालवीन. तिनं तुसाचा डबा माझ्याकडे सरकवला. मंग म्हणाली, "बटन मी दाबीन. खालचं तुझं."

खाली अंगठा नव्हता. मी सांध्यांवरची टकटक ऐकली, गाडी कुठं आहे ते समजलं, तसा डबा फिरवला. चढ गेला, उतार गेला. वर कोणी म्हणालं, "मिस्त्री होता तवा वाजे, तशीच वाजून राहिली." आई नाक ओढत होती, ते खाली ऐकू आलं. मले रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. हात फिरत होता, एवढंच. जागा राहिली, गाडी पुढं कितीक सालं चालली.

नात विचारते, पत्ता काय टाकू. मी म्हटलं, घडी करून पेटीत ठेव. फक्त शेवटी एवढं लिही, का बाबा, त्या दिवशी मी कुठंच चुकली नाही. तुमचा अंगठा नव्हता, एखाद्या चढावर तरी चुकायले पाहिजे होतं.