पेरूच्या वडीचा डबा

प्रिय ओस्निएल,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. जे जायचे होते ते जूनमध्येच गेले. दर रविवारी फोनवर तू मला तोच एक प्रश्न विचारतोस, ‘पापा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का गं?’ आणि दर रविवारी मी तुला गाडीवानांच्या बेसबॉलचा निकाल सांगते. नऊ-दोनने हरलो. चौदा-एकने हरलो. मग लाइन कटते. आज म्हटलं, सगळं बैजवार लिहावं. दुकानात बसूनच लिहितेय. औषधाचं दुकान आहे, औषध नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. शेजारच्या चेलाची सून परवा तिकडे निघालीय, ती हे तुझ्यापर्यंत, रिगोबेर्तोच्या पत्त्यावर पोचवेल.

आधी हंगामाचं सांगते. कितीही झालं तरी तू त्यांचा मुलगा, तुला ते हवंच असणार. तू संघाबरोबर मेक्सिकोच्या त्या आठवडाभराच्या स्पर्धेला गेलास, तेव्हा आपले गाडीवान सहावे होते. पहिल्या आठात आलो की बाद फेरी, आणि कट्ट्यावरचे ओरलीरिओ मास्तर तर बाद फेरीचं वेळापत्रकही आखून बसले होते. मग संघ परत आला आणि तू आला नाहीस. त्यानंतर आपण सलग अकरा सामने हरलो. तुझ्या जागी चेंडू टाकायला त्या लांबड्या एल्पिदिओला उभं केलं. त्याचा चेंडू इतका हळू येतो म्हणे, की समोरचा खेळाडू मध्येच शेंबूड पुसून पुन्हा बॅट उचलू शकतो. हे मी नाही, निवाल्दो म्हणाला. निवाल्दोची जीभ तुला माहीत आहे, वस्तऱ्यापेक्षा तीच जास्त चालते.

बागेतल्या लॉरेलच्या झाडाखालचा कट्टा मात्र एक दिवस बंद पडला नाही. दिवे लावायला वीज नाही म्हणून सामने दुपारीच होतात, आणि सकाळी दहापासून हे सगळे तिथे हजर. ओरलीरिओ मास्तर वही उघडून बसायचे आणि म्हणायचे, “अजून गणित संपलेलं नाही! उरलेल्या तिसांपैकी सव्वीस जिंकायचे आणि वरच्या चार संघांनी घसरायचं, की आपण आठवे!” त्यावर निवाल्दो म्हणायचा, “मास्तर, त्यापेक्षा तुमच्या टकलावर केस उगवणं सोपं आहे. न्हावी मी आहे, मला विचारा.” सगळे हसायचे. पापाही हसायचे. पण बोलणं फिरून फिरून तुझ्यावर यायचंच. डावखुरा असता तर. डावखुऱ्याने घात केला. पळपुटा कुठला. निवाल्दो हे पापांच्या तोंडावर बोलायचा, जराही कचरत नसे. पापा थर्मासचं झाकण फिरवत बसायचे आणि विचारायचे, “आज कॉफीत वाटाण्याची पूड जास्त झालीय का रे?” बस, एवढंच.

घरीही तेच. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी क्रीडा कचेरीतून दोघं आले. तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, असं त्यांनी तीन-तीनदा विचारलं. पापा म्हणाले, “मला काय माहीत?” चेहरा असा, की मलाच त्यांची कीव आली. मीही तेच सांगितलं आणि माझं तर खरंच होतं. ते दोघं गेल्यावर पापांनी तुझी खाट उभी करून भिंतीला लावली. त्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मला वाटलं, संतापलेत. खरं सांगू, मला बरंही वाटलं, कारण मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. चुलीपासून टाकीपर्यंत सगळं माझ्या गळ्यात टाकून गेलास, आणि मला, सख्ख्या बहिणीला, एक शब्द नाही? मी काय परकी होते? थोडी अजूनही चिडलेली आहे, ते असू दे.

जूनमधल्या त्या मंगळवारचं मी तुला कधी धड सांगितलं नाही. सहावा डाव चालू होता, आपण आठ-शून्यने मागे. रेडिओ बाकावर मध्ये ठेवलेला. मास्तरांना वाटलं पापांचा डोळा लागलाय, ते आपले आकडे वाचत राहिले. पहिल्यांदा कळलं ते निवाल्दोला. गाडी येईपर्यंत तोच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि शेवटची दाढीही त्यानेच केली. मला रडू आलं नाही. लोक रडले, मी त्यांना पाणी दिलं. तुला येता येणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं, तरी मी दाराकडे बघत होते. तेव्हापासून असं झालंय की मला काही वाटतच नाही. पाव खाल्ला तर पाव, नाही खाल्ला तर नाही. दुकान संपलं की त्यांचा थर्मास घेऊन कट्ट्यावर जायचे, त्यांच्या जागी बसायचे आणि गाडीवान हरताना ऐकायचे. हरले तरी काही नाही, आणि ऑगस्टमध्ये दोनदा जिंकले, तरी काही नाही.

थर्मासवरून आठवलं, डब्याचं तू विसरला नसशील. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी कट्ट्यावरच्या प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. गाडीवान कितवे येणार आणि का, एवढंच. वर नाव घालून ती पेरूच्या वडीच्या त्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्याला चिकटपट्टी लावून तो निवाल्दोच्या आरशामागे ठेवायचा, आणि हंगामातला शेवटचा गडी बाद होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकेल, त्याने पुढचा हंगामभर सगळ्यांसाठी कॉफी आणायची. पापांनी बावीस वर्षं कॉफी आणली, कारण बावीस वर्षं त्यांनी ‘पहिला’ असंच लिहिलं. कारणं तरी काय! ‘यंदा मैदानावर गवत चांगलं आलंय.’ ‘नव्या पंचाचा चेहरा दयाळू आहे.’ यंदा मार्चमध्ये मलाही चिठ्ठी टाकू दिली. म्हातारा एकटाच हास्यास्पद ठरायला नको म्हणून मीही लिहिलं, ‘पहिला. कारण पापा म्हणतात.’

आणि तू निघालास ती सकाळ आठवतेय? तो तपकिरी लोकरी स्वेटर, पापा तरुणपणी जर्मनीच्या कारखान्यात होते तेव्हाचा. सात दिवसांसाठी, मेक्सिकोच्या त्या भट्टीत! तू तो बॅगेतून काढलास, त्यांनी परत कोंबला, तू परत काढलास. मी म्हटलं, “पापा, म्हातारचळ लागला का तुम्हाला?” आपण दोघं पोट धरून हसलो. त्यांनी तिसऱ्यांदा तो आत घातला आणि स्वतः चेन लावली. मग बसपाशी तुझी टोपी सरळ केली, डावा खांदा दाबला आणि म्हणाले, “हात गार पडू देऊ नकोस.” लहानपणापासून प्रत्येक सामन्याआधी म्हणायचे तेच. मी तिथेच उभी होते, मला काही वेगळं वाटलं नाही.

काल शेवटचा सामना झाला. पंच्याहत्तरपैकी एकोणीस जिंकले, सोळा संघांत सोळावे. निवाल्दोने डबा आणला, पट्टी कापली आणि एकेक चिठ्ठी वाचायला लागला. मास्तर सातवा, तो स्वतः दहावा, मी पहिला. माझ्यावर सगळे खोखो हसले. पुढच्या मार्चपासून कॉफी माझ्याकडे. मग त्याने पापांची चिठ्ठी उघडली आणि थांबला. शेवटी मास्तरांनी ती घेऊन वाचली. ‘सोळावा. कारण माझा डावखुरा एप्रिलनंतर इथे नसेल. तो मला सांगणार नाही आणि मी त्याला विचारणार नाही. पोरगं माझं आहे, मला कळतं. त्याला जाऊ दे असं मी ठरवलंय. हे वाचाल तेव्हा मी समोरच बसलेला असेन, मला काही विचारू नका. आणि त्याला शिव्या देऊ नका.’ ओस्निएल, हे त्यांनी मार्चमध्ये लिहिलंय. एकही सामना झाला नव्हता तेव्हा. निवाल्दोने चिठ्ठी घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “पोराला पाठव. आणि सांग, न्हाव्याने शब्द मागे घेतलेत.” घरी येऊन तुझी खाट आडवी केली, तिच्यावर बसले, आणि तेव्हा कुठे मला स्वेटर आठवला. मग रडले. जूननंतर पहिल्यांदा. चिठ्ठीचा फोटो फोनवर पाठवता आला असता, पण अक्षर त्यांचं आहे, कागद तुझ्या हातात पडायला हवा. तुझ्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर सोबत ठेवलंय. हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दाराने निघालास तेव्हा एकच पिशवी होती म्हणतोस, तिच्यात तो स्वेटर होता का, कळव. नसेल तर दुसरा घे. तिकडे आता थंडी सुरू होईल. हात गार पडू देऊ नकोस.

तुझीच,
इदालमिस