कलासखी अंकुर

अमरावती
बुधवार, दुपार

प्रिय साधना,

फोनवर आपण रोजच बोलतो. तू "जेवले का?" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो. एवढंही मला आवडतं. पण मध्येच तुझा भाऊ देवानंद खोलीत येतो, तू "हं, हं" करायला लागतेस, आणि आज जे सांगायचं आहे ते त्या "हं, हं"मध्ये मावणार नाही. म्हणून कागद घेतला. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. बाहेर उन्हात रस्ता झोपल्यासारखा पडलाय आणि समोर झिरमिळ्यांच्या रंगीत गुंडाळ्या टांगल्या आहेत. वारा आला की त्या एकमेकींना काहीतरी सांगत असल्यासारख्या हलतात.

साक्षगंधात आपण अंगठ्या घातल्या, त्यानंतर तुझे बाबा सगळ्यांना सांगत होते, "पोरगा अमरावतीच्या दुकानात आहे, सावलीतलं काम आहे." त्यांचा तो समाधानी चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कारण मला आता हे दुकान सोडावंसं वाटतंय. सोडू की नको, यात गेले कित्येक दिवस मी अर्धा जागा, अर्धा झोपेत असल्यासारखा वावरतोय.

झालं असं, की दुकानात एक कॉलेजची मुलगी क्रेप पेपर घ्यायला आली होती. तिला कागदाची शेवंती जमत नव्हती. मी गल्ल्यावर उभ्या उभ्या तिला एक करून दाखवली. आमच्या दर्यापूरच्या मळ्यात बाबा पहाटे शेवंती तोडायचे तेव्हा मला सांगायचे, मधली मूठ मिटलेली असेल तेच फूल तोड, ते बाजारापर्यंत टिकतं. त्यामुळे कागदाचं करतानाही मी मधल्या पाकळ्या मिटलेल्या ठेवतो आणि बाहेरच्या कात्रीच्या पात्यावरून ओढून वळवतो. एवढंच. पण मागे एक बाई उभ्या होत्या. पुण्याकडच्या एका कंपनीच्या. ही कंपनी दुकानात माल ठेवत नाही. त्यांची माणसं घरोघरी जातात, चार बायका जमल्या की कागद, तार, लेस, मणी मांडून वस्तू कशा करायच्या ते दाखवतात. ज्यांना आवडेल त्या तिथेच सामान घेतात. पगार नाही, विक्रीवर कमिशन. बाई म्हणाल्या, अकोला आणि अमरावती दोन्हीकडे आम्हाला माणूस हवा आहे, तुम्ही कराल का?

मी रात्रभर त्यांनी दिलेलं माहितीचं पत्रक वाचलं आणि एका शब्दावर अडलो. त्या कामाला ते "कलासखी" म्हणतात. आतापर्यंत सगळ्या बायकाच आहेत, म्हणून ओळखपत्रावरही तेच छापलेलं. तुला माहीत आहे, मी बारावीत दोनदा आपटलो, पण चुकीचा शब्द दिसला की मला घास गिळवत नाही. मी बाईंना फोन करून म्हटलं, मॅडम, माझ्यासाठी "कलासखा" करता येईल का? त्या पुष्कळ वेळ हसल्या. म्हणाल्या, कार्डं छापून झालीत, तुम्ही आधी एक कार्यक्रम तर करून बघा.

तो कार्यक्रम मागच्या शनिवारी झाला. अकोल्यात, जठारपेठेत, पौर्णिमाताई म्हणून एक आहेत त्यांच्याकडे. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका जमणारच आहेत तर तिथेच दाखवा, असं ठरलेलं. मी तुला सांगितलं नाही, कारण अकोल्यात येऊन तुझ्या घरावरून न थांबता जायचं होतं. मी ऑटोतून तुमची गल्ली पाहिली. कोणीतरी हिरवी साडी वाळत घातली होती. ती तुझीच, असं मी मानून टाकलं.

सतरंजीवर बायका ओळीने बसल्या होत्या. मीही त्यांच्याच ओळीत, मान खाली घालून तारा कापत होतो. पौर्णिमाताई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेकीला लावत येत होत्या, तोंडाने स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी तिळाच्या वड्यांचं सांगणं सुरूच. आणि तशाच, न पाहता, त्यांनी माझ्या कपाळावर हळद लावली. मग कुंकू.

ताईंचा हात तसाच हवेत. "अगं माय, मी तं मान खाली घालूनच लावत चालली," एवढंच त्या बोलल्या. मला वाटलं, आता उठून बॅग भरावी. तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "लावलं तं लावलं. आता वाणही देजो त्याले, नाहीतं अर्धवट राह्यते." मग जे हसू फुटलं, साधना, त्यात मीही हसलो. मला वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. दुसरी एक म्हणाली, "भाऊ, उखाणा घेतल्याशिवाय गाळणी भेटत नाही." मी उखाणा घेतला नाही, पण कुणाचं नाव घ्यावं लागलं असतं ते मनात आलंच आणि माझे कान तापले.

त्यानंतर मला कोणी परका पुरुष म्हणून पाहिलं नाही. मी सांगत गेलो, त्या वळवत गेल्या. खिडकीतून ऊन सतरंजीवर आलं होतं. एका क्षणी मी मान वर केली तर सगळ्यांच्या हातांत पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या शेवंत्या उमलत होत्या. आमचा मळा असा पहाटे दिसतो. मला किती तरी दिवसांनी, भीती वाटत नाहीये, हे कळलं.

परतीच्या गाडीत मी दारापाशी बसलो होतो. मूर्तिजापूर गेलं, तुरीची रिकामी शेतं गेली, कुठे कुठे शेवटचा कापूस झाडाला लागून राहिला होता. सगळं सावकाश, पाण्याखालून पाहिल्यासारखं. समोरचा माणूस सारखा माझ्या कपाळाकडे बघत होता. कुंकू पुसायचं राहिलं आहे हे मला बडनेऱ्याला समजलं. तरी मी पुसलं नाही.

दुकानात देवराव शेठनी पाहिलंच. "काहून रे, कोणाच्या घरून ओटी भरून आला का?" आता पोरं मला सखीबाई म्हणतात. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते इतकंच म्हणाले, "बायांमधी बसाचं काम हाय थे. शेषराव काय म्हणतीन?" आमच्या घरी सध्या सगळ्या गोष्टी तुझ्या बाबांच्या नावाशी येऊन थांबतात. खरी काळजी मलाही तीच आहे. दुकानातला जावई म्हणून त्यांनी मला पसंत केलं. उद्या कोणी विचारलं तर त्यांना "कलासखी" हा शब्द उच्चारता येईल का? आणि तुला?

तुला विचारून ठरवावं, असं आधी मनात होतं. मग वाटलं, माझी भीती मी तुझ्या हातात का द्यावी? म्हणून आज सकाळी बाईंना हो कळवलं. कार्डावर "कलासखी अंकुर" असंच येणार आहे. व्याकरणाने चुकलेलं आहे, पण राहू दे. या रविवारी दुपारी माझा पुढचा कार्यक्रम तुमच्याच गल्लीच्या महिला मंडळात आहे. बोलावणं तुलाही येईल. आपल्या लग्नपत्रिकेचा मजकूर बाबांनी माझ्याकडे दिलाय. "चि. सौ. कां." मधल्या "कां"वरचा अनुस्वार लोक विसरतात, तो मी नीट दिला आहे. पण मजकूर प्रेसमध्ये टाकलेला नाही. रविवारपर्यंत टाकणारही नाही. आम्ही तुला बघायला आलो होतो तेव्हा माझ्या काकांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, काय काय येतं म्हणून. तू खाली पाहून एकेक सांगत गेलीस. मला त्या दिवशी कोणी काहीच विचारलं नाही. रविवारी तू ये, ओळीत बस, आणि मला विचार. मी दाखवतो. मग पत्रिका टाकायची की नाही ते तू सांग.

तू म्हणशील तर तुझाच,
अंकुर