बॉबिन केस माझ्याकडे आहे

आई,

शिलाई मशीन चालत नाही म्हणून शोधाशोध करू नकोस. बॉबिन केस मी काढून नेली आहे.

माझ्या पाकिटातले पॅड महिनाभर कमी होताहेत. घरात आपण दोघीच, आणि तुझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. मग वापरतं कोण, मांजर? काल भल्या पहाटे चादर धुताना दिसलीस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

'वजन वाढलेलं नाही' म्हणतेस, हीसुद्धा थापच. शिंपिणीच्या लेकीपासून लपवतेस? तुझ्या गाऊनच्या शिवणीत सोडलेली माया पार उसवून झाली, आता बाजूला पट्ट्या जोडल्यास.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर कुणीच अंगावर काढू नये. वजन जास्त असेल तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. लवकर कळलं तर उपचार होतात.

गिऱ्हाइकांचे कपडे थांबतील. चार वाजता मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. तपासून बाहेर आलीस की बॉबिन केस मिळेल.

निघताना पाकिटातलं एक पॅड घे. आता चोरून नको.