माझा फ्लॅट बघायला आलेले पावणं

६ जाने.
बँकेत गेलते. संदीपशी घटस्फोट होऊन वर्ष होत आलं. कोर्टात लिहून झालंय की फ्लॅट माझा, कर्ज माझं. साहेब म्हणतात, "मॅडम, ते कोर्टात. आमच्याकडं कर्ज दोघांचं. त्यांनी हक्कसोड पत्र करून द्यावं, इथं येऊन सही करावी, मग तुमच्या एकटीच्या नावावर करतो." हप्ता पहिल्यापासून माझ्याच पगारातनं जातो, ते कुणी विचारत नाही.

८ जाने.
संदीपला फोन. इचलकरंजीत त्याच्या पाठीमागं यंत्रमाग धडाधडा चालू, म्हणून हा ओरडतोय. "करतो की सही! पळून चाललोय व्हय?" सोमवारी येतो म्हणाला.

१२ जाने.
आला नाही. माझी रजा वाया. वर दवाखान्यात मेट्रनची बोलणी खाल्ली ती वेगळी.

१५ जाने.
संदीप म्हणतो, आज संक्रांतीची कर, सही नको, आई ओरडेल. घटस्फोटाच्या कागदावर अमावस्येला सही ठोकली तेव्हा आई कुठं गेलती?

२५ जाने., रविवार
कहर! दुपारी बेल. दारात चार-पाच पावणं, नेसरीहून आलेले. "संदीपरावांचा फ्लॅट ह्योच न्हवं? घर बघायला आलोय."
मुलीकडचे! संदीपचं दुसरं लग्न जमतंय. त्यानं सांगून ठेवलंय, कोल्हापुरात माझा फ्लॅट हाय, सध्या भाडेकरू ठेवलाय. भाडेकरू म्हणजे मी!
डोकं सणकलं. पण दारात आलेल्या माणसांना बोलणार काय? तोंडातनं निघालं, "बसा, चहा ठेवते." मुलीच्या वडिलांनी नळ सोडून बघितला. पाणी किती वेळ येतं? जाताना माझा नंबर घेतला. एका काकूंनी स्वयंपाकघराच्या ओट्याला नावं ठेवली. मी पसंत केलेला ओटा. मी आपली बशा गोळा करत.

२६ जाने.
संदीपला चांगलं खडसावलं. "भाडेकरू व्हय मी?"
आधी गयावया. "लग्न होऊ दे गं. दुसऱ्या दिवशी सही करतो. आत्ताच फ्लॅटवरनं नाव काढलं तर दाखवायला माझ्याजवळ काय ऱ्हातंय?" मग खरा रंग, "तू तिकडं काही बोललीस, तर सही इसर."
निर्लज्ज! आणि कपाळ माझं, की त्याच माणसाच्या सहीवाचून अडलंय.
पेठ वडगावला दादाला सांगितलं. तो म्हणतो, गप बस, काम होऊ दे तुझं. परक्या पोरीचं तुला काय पडलंय? भावाचं बरोबर वाटतंय, म्हणून तर जास्त राग येतोय.

३ फेब्रु.
ड्यूटीवरनं येऊन चप्पल काढतेय तोवर फोन. नेसरीची मुलगी. "ताई, बाबांकडनं नंबर घेतला. एक विचारू? तुम्ही भाडं किती देता?"
एक आकडा सांगायचा होता. लग्न झालं असतं, सही झाली असती, सगळं मार्गी लागलं असतं.
"भाडं न्हाय, हप्ता भरते," म्हटलं. "मी संदीपची पहिली बायको. घर माझं हाय."
 मग, "घटस्फोट झालाय ते म्हणाले होते. तुम्ही तिथंच राहता, हे न्हाय बोलले." आणि ठेवला.
तेव्हापासून संदीपचे फोनवर फोन. उचलले नाहीत.

५ फेब्रु.
हप्ता कापल्याचा मेसेज. कर्ज अजून दोघांचंच. आज मी फोन केला तर आता तो उचलत नाही. सही गेली बहुतेक. दादाला सांगायची छाती होत नाही, तो मूर्खच म्हणणार. उद्या परत घटस्फोटाच्या वकीलबाईंकडं, परत तेच.
चुकलं का माझं? चुकलं असेल. पण स्वतःच्या घराचं भाडं किती, ते माझ्या तोंडातनं निघालंच नसतं.